मूल साऱ्या शाळेचे



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. विशेष शाळा आणि सर्वसाधारण शाळा आज एकाच मांडवात बसल्या आहेत. असा योग फार क्वचित येतो, म्हणून मनातले स्पष्ट बोलते.

आपल्या विशेष शाळा आस्थेतून जन्मल्या. मुंबईत १९४४ साली वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या लेकीसाठी सुरू केलेल्या कामातून जय वकील शाळा उभी राहिली. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशींनी ‘कामायनी’ स्थापन केली. मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली. दिव्यांग मुलांना शिकवता येते, हे या माणसांनी आधी करून दाखवले. कायदे मागाहून आले. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते एकवीस झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला, तोही घराजवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने.

आता मूल शाळेत आले आहे. पण शाळेत ते कोणाचे असते?

बहुतेक सर्वसाधारण शाळांत याचे उत्तर ठरलेले असते: विशेष शिक्षकांचे. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक अनेक शाळा सांभाळतात. ते येतील त्या दिवशी मुलाचा अभ्यास होतो, एरवी ते मूल वर्गात नुसते बसून असते. ही स्थिती बदलणे एकट्या विशेष शिक्षकाच्या हातात नाही. ते मुख्याध्यापकांच्या हातात आहे.

वर्गातलेच पाहा. अल्पदृष्टी असलेली मुलगी पहिल्या बाकावर बसवली की आपले काम झाले, असे आपण समजतो. पण खिडकीतले ऊन फळ्यावर पडून फळा चकाकतो आणि तिला अक्षर दिसत नाही. अनुभवी विशेष शिक्षिका तिच्या जागेवर बसून फळा पाहते, बाक चार हात सरकवते, खडूचे अक्षर मोठे आणि ठळक काढायला सांगते, फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने वाचायलाही सांगते. यात खर्च काहीच नाही. पण हे प्रत्येक तासाला, प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने करायचे, तर ते मुख्याध्यापकांनी शिक्षकसभेत ठरवावे लागते आणि वर्गात जाऊन पाहावे लागते. संसाधन कक्ष तळमजल्यावर ठेवणे, परीक्षेतल्या लेखनिकाचे आणि जादा वेळेचे प्रस्ताव परीक्षा मंडळाकडे वेळेत पाठवणे, मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा कपाटात न ठेवता वर्गशिक्षकाच्या हाती देणे, हे सारे नेतृत्वाचेच काम आहे.

विशेष शाळांच्या प्रमुखांनाही माझे सांगणे आहे. आपल्याकडचे ज्ञान आपल्याच भिंतींत अडकले आहे. सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि विशेष शाळा २०२२पासून स्वतंत्र झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. खाती वेगळी, म्हणून प्रशिक्षणे वेगळी आणि माणसेही एकमेकांना अनोळखी. गावातल्या दोन शाळांचे शिक्षक एकमेकांचे वर्ग कधी पाहत नाहीत. ज्या मुलांची गरज मोठी आहे, त्यांच्यासाठी विशेष शाळा राहायलाच हव्यात. त्याबरोबरच परिसरातल्या शिक्षकांना शिकवणारी केंद्रे म्हणूनही त्या उभ्या राहाव्यात, असे मला मनापासून वाटते.

म्हणून या परिषदेने तीन गोष्टी मागाव्यात. प्रत्येक विशेष शाळेची परिसरातल्या सर्वसाधारण शाळांशी कायमची जोडी लावावी आणि शिक्षकांच्या परस्पर वर्गभेटींचा वेळ कामाचा वेळ धरावा. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात दिव्यांग मुलांचे शिक्षण हा सक्तीचा भाग असावा. आणि शाळेच्या तपासणीत पटावर किती दिव्यांग मुले आहेत एवढेच न विचारता ती या वर्षी काय शिकली, हे विचारावे.

शासनाचा निर्णय येईल तेव्हा येवो. जोडी लावायला शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. जेवणाच्या सुट्टीत आपल्या तालुक्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या शाळेच्या प्रमुखांना गाठा, पहिल्या वर्गभेटीची तारीख ठरवा आणि मगच घरी जा. अध्यक्ष म्हणून आपल्याकडे माझे एवढेच मागणे आहे.