जुन्या व्हॅनमधला आवाज: आधी भेगा, मग पत्रा

जुनी ओम्नी घेतली, मागची सीट काढून गादी टाकली, पण आतला आवाज सहन होत नाही, असं म्हणणारे बरेच जण आहात. आज फक्त तेवढंच बोलू.

ओम्नीचं इंजिन कुठे असतं? थेट आपल्या बुडाखाली. 796 सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या सीटांच्या खाली. आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी आता जुनीच. दारांचं रबर कडक झालेलं, सरकत्या दाराचे रूळ झिजलेले, आणि आत बघाल तिकडे उघडा पत्रा.

माझ्यासाठी हा हौसेचा विषय नव्हता. बाबा कानाला मशीन लावतात. मशीन माणसाचं बोलणं मोठं करतं, तसा इंजिनाचा घोंघाटही मोठा करतं. मग ते मशीन काढून खिशात ठेवतात. कोल्हापूर ते मालवण आम्ही शेजारी-शेजारी, आणि अख्खा रस्ता गप्प.

तर, सामान विकत घ्यायच्या आधी आवाज शोधा. गाडी उभी ठेवून रेस द्या, तेव्हा ऐकू येतं ते इंजिन. मग दुसऱ्या कुणाला तरी चालवायला बसवा आणि तुम्ही मागे बसून कान लावा. दाराच्या फटींवर बाहेरून मास्किंग टेप चिकटवून एक फेरी मारा. आवाज कमी झाला, तर दोष पत्र्याचा नाही, रबराचा. जिथून वारा येतो तिथून आवाज येतो, हे पक्कं लक्षात ठेवा. बोटभर फट उघडी ठेवून हजारोंचं मटेरियल लावलं तरी त्याचा फारसा उपयोग नाही.

म्हणून पहिला खर्च नव्या रबरी बीडिंगचा. दुसरा, वायरी जिथून आत येतात त्या भोकांच्या ग्रोमेटचा. तिसरा, सीटखालच्या इंजिनाच्या झाकणाभोवतीच्या पट्टीचा. या पट्टीकडे फक्त आवाजासाठी बघू नका. तिथून इंजिनाचा धूर आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

आता पत्रा. बोटाच्या पेराने ठोकून बघा. ‘ठण्ण’ वाजला तर तो ढोलासारखा थरथरतोय. ‘ठप’ वाजला तर त्याला सोडा. थरथर मारायला ब्यूटाइल शीट असते, वर ॲल्युमिनियमची फॉइल, खाली चिकट रबर. ती सगळीकडे लावायची गरज नसते, मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर साधारण पाव ते एक तृतीयांश जागा झाकली तरी पुरते. दुकानदार अर्थातच पूर्ण गाडीचा हिशेब सांगेल! पण 2 मिलिमीटरची शीट चौरस मीटरला 3 किलोच्या वर भरते आणि गाडी स्वतःच 800 किलोच्या आतबाहेर. वजन वाढवाल तर घाट चढताना कळेल. आधी छत आणि मागच्या चाकांवरचा पत्रा घ्या. छताचा फरक कोकणातल्या पावसात लगेच कळतो.

इमारतीच्या गच्चीवर लावतात ती डांबरी शीट स्वस्त मिळते. ती नको. एप्रिलच्या उन्हात छत तापलं की ती मऊ होते, वास मारते, सुटून डोक्यावर येते. अंड्यांचे ट्रे तर विसराच. पुठ्ठा आवाज अडवत नाही, पेट मात्र घेतो.

चिकटवायच्या आधी गंज घासा, प्रायमर मारा, थिनरने तेलकटपणा पुसा, पत्रा पूर्ण कोरडा होऊ द्या. हे काम पावसाळ्यात काढू नका. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती चुकूनही बुजवू नका, नाहीतर दोन पावसाळ्यांत दार आतून सडेल.

शीटवर काहीतरी मऊ लागतं, आवाज शोषायला. इथे मी नवा फोम सोडून जाड घोंगडी वापरली, आतल्या पॅनेलच्या मागे, कसर लागू नये म्हणून आधी कडक उन्हात घालून. लोकर आवाजही शोषते आणि थोडी ओलही झेलते. रात्री दोन माणसं आत झोपली की श्वासाची वाफ थंड पत्र्यावर बसते, हे विसरू नका. पण इंजिनाच्या आसपास घोंगडी, साधा फोम, काहीही नको. तिथे फक्त उष्णतारोधक, न पेटणारी शीट, आणि तीसुद्धा गरम भागांना न टेकणारी. वाटल्यास हे काम गॅरेजवाल्याकडून करून घ्या.

आतमध्ये गॅस शेगडी ठेवणाऱ्यांना वेगळं सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळली की खाली साचते. म्हणून जमिनीलगतचं व्हेंट उघडंच ठेवायचं, तिथून कितीही आवाज येवो. वरचं व्हेंटही तसंच.

एवढं करून गाडी शांत-शांत होईल का? नाही. इंजिन तिथेच आहे. पण साठच्या स्पीडला आता बाबांचं मशीन कानात असतं, आणि मी गिअर उशिरा टाकतो हे ते मला फोंडा घाट संपेपर्यंत ऐकवतात.

पुढच्या भागात छतावरच्या पंख्याबद्दल बोलू. तोही आवाज करतोच.