आपलेच कुलूप, किल्लीवाचून



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा तो वाचून दोन गृहस्थ आपसांत काय बोलले, ते आमच्या कानावर आले आहे. एकाने विचारले, “हे व्याख्यान चोरांसाठी आहे काय?” दुसरा म्हणाला, “चोर कशाला व्याख्यानाला येतात!” पहिल्या गृहस्थांचा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही. किल्लीवाचून कुलूप उघडण्याची विद्या चारचौघांत बोलावी की नाही, याबद्दल आमच्या मनातही पुष्कळ दिवस चलबिचल होती. अखेर बोलावयाचे ठरविले. त्याची कारणे ओघात येतील.

आम्ही अंबडचे. तेथील औद्योगिक वसाहतीत लेथ आणि ग्राइंडर यांच्या सहवासात आमचे आयुष्य गेले. दिवसभर मायक्रोमीटर हाती धरून शतांश मिलिमीटरचा हिशेब करावयाचा, आणि तोच माणूस एका संध्याकाळी आपल्याच खोलीच्या दाराशी हतबुद्ध उभा! किल्ली हरवली होती. किल्लीवाला आला, त्याने दोन तारा कुलपात घातल्या, मिनिटभर मान तिरकी करून काहीतरी ऐकल्यासारखे केले आणि कुलूप उघडले. पैसे दिले त्याचे दुःख नव्हते. धातूच्या पाच-सहा तुकड्यांचे जे यंत्र आम्ही रोज दोनदा वापरत होतो, त्याच्या पोटात काय आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते, याची लाज वाटली.

त्या वेळी अंबड-सातपूर जोडरस्त्यावर भंगार बाजार मोठा भरे. पुढे २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने तो हटविला. तेथे बिनकिल्लीची कुलुपे किलोच्या भावाने मिळत. आम्ही पिशवीभर आणली. घरच्या मंडळींनी त्या पिशवीकडे कसे पाहिले असेल, ते आपण ताडले असेलच.

आता कुलपाच्या पोटात शिरू. आज सर्रास आढळणाऱ्या पिनांच्या कुलपात एका नळकांड्यात दुसरे गोल नळकांडे बसविलेले असते. किल्ली फिरते ती या आतल्या नळकांड्यासह. दोहोंना आरपार, एका ओळीत, पाच-सहा बारीक भोके असतात. प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना, आणि वरून स्प्रिंगचा दाब. पिना दोन्ही नळकांड्यांच्या सीमेवर आडव्या आल्यामुळे आतले फिरत नाही. योग्य किल्ली प्रत्येक जोडी अशी उचलते की, दोन पिनांमधली फट नेमकी त्या सीमेवर येते, आणि मग ते फिरते. मूळ कल्पना प्राचीन मिसर देशातील लाकडी कुलपांइतकी जुनी; तिला आजचे रूप अमेरिकेच्या लायनस येल याने १८६० च्या दशकात दिले.

मग किल्लीवाचून ते उघडते कसे? हे गूढ नसून कारखान्यातलीच गोष्ट आहे. पाच भोके तंतोतंत एका रेषेत पाडणारे यंत्र जगात कोणी केलेले नाही. एखादे भोक केसभर डावीकडे, एखादे उजवीकडे जाणारच. आपण ज्याला टॉलरन्स म्हणतो, तो हाच. आतल्या नळकांड्यावर हलका पीळ ठेवला की पाचही पिना एकदम अडत नाहीत; जिचे भोक सर्वांत जास्त सरकलेले, तीच प्रथम अडते. तिला अलगद उचलावे. फट सीमेवर आली की नळकांडे किंचित, अगदी किंचित, फिरते आणि वरची पिन वरच अडकून राहते. मग दुसरी अडते. पाचाचे कोडे एकदम सोडवावयाचे असते तर जन्म पुरला नसता. भोके पाडणाऱ्याच्या चुकीने ते एकेकाच्या पाच कोड्यांत मोडून दिले आहे! हे ज्या दिवशी कळले त्या दिवशी आम्ही रात्री दोनपर्यंत जागलो. स्वतः हजारो भोके पाडलेल्या माणसास आपल्या चुका दुसऱ्या बाजूने पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

अवजारांना पैसे पडले नाहीत. हॅकसॉच्या मोडक्या पात्याचे दात घासून टाकावेत आणि टोकाला बारीकसा बाक ठेवावा, की पिन उचलावयाची सळई झाली. पाते ग्राइंडरवर धरताना क्षणाक्षणाला पाण्यात बुडवावे; ते निळे पडले की पोलादाचे पाणी उतरले, मग ते नुसते वाकते. आमची पहिली तीन अशीच गेली. पीळ देण्यासाठी मोटारीच्या वायपरमधली पोलादी पट्टी उत्तम, छत्रीची काडी मध्यम, केसांचा आकडा निरुपयोगी. आकड्याने कुलूप उघडणारे नायक सिनेमातच असावेत. मुठीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की झाले.

शिकण्याची युक्ती एवढीच की, कुलूप खोलून चार पिना काढून टाकाव्यात आणि एकच ठेवून ती उघडावी. मग दोन, मग तीन. आम्हा फिटर लोकांस सर्वांत जड गेले ते पीळ हलका ठेवणे. पान्यावर वजन टाकण्याची सवय हाताला लागलेली. येथे जास्त जोर केला की सगळ्याच पिना आवळल्या जातात आणि काही कळेनासे होते. डोळ्यांचा उपयोग नाही, सगळे बोटांच्या टोकांवर. पहिले पाच पिनांचे कुलूप उघडावयास आम्हांस तीन आठवडे लागले, आणि उघडल्यावर ते पुन्हा उघडेना!

तरफांची कुलुपे, म्हणजे पितळेची, सात-सात तरफांची, निराळ्या स्वभावाची. त्यांत प्रत्येक तरफ आपापल्या उंचीला उचलली तरच खिट्टी सरकते. त्यांच्यापुढे आमच्या वायपरच्या पट्ट्यांनी बहुधा हारच खाल्ली. काही आजही घरात बंदच आहेत.

आता त्या पहिल्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. हा वाद नवा नाही. लंडनच्या जोसेफ ब्रामा याने १७९० मध्ये आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडले आणि ते उघडणारे अवजार करील त्यास दोनशे गिनी देण्याची पाटी लावली. पाटी एकसष्ट वर्षे तशीच राहिली. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्स नावाचा कारागीर आला. त्याने प्रथम चब यांचे नामांकित कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. मग ब्रामाच्या कुलपाशी सोळा दिवसांच्या मुदतीत एकूण एक्कावन्न तास झगडून तेही उघडले. लंडनमध्ये गहजब झाला. असल्या गोष्टी उघड करू नयेत, चोरांचे फावते, असे लोक म्हणू लागले. त्यावर १८५३ मध्ये चार्ल्स टॉमलिन्सन यांच्या नावे निघालेल्या कुलपांवरील पुस्तकात उत्तर आले, त्याचा आशय असा: चोरांना त्यांचा धंदा आपल्यापेक्षा आधीपासून येतो, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. हॉब्सच्या पराक्रमाने कुलुपे वाईट झाली नाहीत, कारखानदार मात्र जागे झाले.

आपल्याकडे मुंबईस लालबाग येथे १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी कुलुपांचा कारखाना काढला. त्याआधी वकिली सुटली होती आणि शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा उद्योगही बसला होता. मुंबईतील वाढत्या घरफोड्यांची बातमी वाचून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. कुलूप कसे फसते हे आधी कळल्यावाचून चांगले कुलूप करणे कोणास जमेल? ही विद्या शिकणारा आणि कुलूप घडविणारा एकाच वाटेने अर्धे अंतर चालतात, असे आम्हांस वाटते.

निव्वळ हौसेने हे करणारेही थोडेथोडके नाहीत. अणुबाँबच्या काळात लॉस अलामॉस येथे रिचर्ड फाइनमन हा पदार्थवैज्ञानिक सहकाऱ्यांची कपाटे आणि तिजोऱ्या उघडून त्यांना चकित करीत असे. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे १९९७ मध्ये हौशी मंडळींनी संस्थाच काढली; तेथे घड्याळ लावून स्पर्धा होतात. अशा मंडळींत दोन नियम सर्वत्र पाळले जातात, आणि आम्हीही पाळतो. कुलूप आपले असेल तरच हात लावावयाचा. आणि आपले असले तरी रोज वापरातले असेल तर लावावयाचा नाही, कारण ते बिघडले तर रात्र बाहेर काढावी लागते.

कायद्याचे म्हणणेही ऐकून ठेवा. कुलूप उघडणे हा स्वतःच गुन्हा नाही. परक्याच्या घरात घुसण्यासाठी ते उघडले की ती घरफोडी होते. परंतु १९५१ च्या पोलीस कायद्याच्या १२२ व्या कलमाप्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचे हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडले तर शिक्षा आहे. म्हणून आमच्या सळया डब्यात असतात आणि डबा घरात असतो. तरुण मित्रांनी त्या खिशात घालून मिरवू नयेत.

नियम पाळणे बोलण्याइतके सोपे नसते. अंबड गावातील एक घरमालक एकदा आमच्याकडे आले. त्यांचा भाडेकरू, वसाहतीतला एक कामगार, तीन महिन्यांचे भाडे थकवून गावी गेला होता. “तुम्हांला येते ना हे? तेवढी खोली उघडून द्या, कुलूप तोडल्याचा बोभाटा नको,” असे ते म्हणाले. खोली त्यांची होती हे खरे. पण कुलूप भाडेकरूचे होते आणि आत त्याचा संसार होता. आम्ही नाही म्हटले. ते पुन्हा आमच्याशी बोलले नाहीत.

यानंतर थोड्याच दिवसांत आमच्याच गल्लीत घरफोडी झाली. लोकांचे डोळे कोठे वळले असतील? कोणी तोंडावर बोलले नाही. पण पाण्याच्या नळावर आम्ही गेलो की बोलणे थांबे. आठ दिवस तसे गेले. खरे म्हणजे चोराने कुलपाला नावापुरताच धक्का दिला होता. कटावणीने कोयंडाच उपटला होता आणि कुलूप त्या उपटलेल्या कोयंड्यात बंदच्या बंद लोंबत होते. बहुतेक घरफोड्या अशाच होतात. तीन आठवडे शिकण्याइतका धीर चोराजवळ कोठून असणार!

नवव्या दिवशी त्या घरच्या काकू तेच कुलूप घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. मार बसल्यामुळे त्यात किल्ली फिरत नव्हती. “भाऊ, एवढे उघडून द्या,” म्हणाल्या. मालकीणबाई समोर, दुपारची वेळ, गल्ली सारी बघत उभी. आम्ही डबा बाहेर आणला. अर्धा तास लागला. दोन पिना चेमटल्या होत्या. उघडल्यावर ते खोलून पिना ताटलीत मांडल्या आणि मुलांना दाखविल्या. काकूंचा धाकटा मुलगा तेव्हापासून दर रविवारी येतो. चार पिनांचे कुलूप तो आमच्याहून लवकर उघडतो. पाचवी घातली की अजून अडतो.