रोजचं सदर, उसना आवाज

हेडफोन लावलेत ना? आज एका अशा कवीबद्दल बोलू, ज्याची कविता सकाळी पेपरात यायची आणि संध्याकाळी रद्दीत जायची.

नाव फ्रँक लेबी स्टँटन. जन्म १८५७चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटनचा. यादवी युद्धामुळे शाळा अर्धवट सुटली आणि बाराव्या वर्षी पोरगा छापखान्यात उमेदवारीला लागला. खिळे जुळवत जुळवत तो पेपरच्या धंद्यात शिरला.

१८८७मध्ये तो जॉर्जिया राज्यातल्या स्मिथव्हिल नावाच्या छोट्याशा गावात 'स्मिथव्हिल न्यूज' चालवत होता. मालकही तोच, संपादकही तोच! तिथून तो रोमला गेला. इटलीतलं रोम नाही हं, जॉर्जियातलंच. मग १८८९च्या सुमाराला जोएल चँडलर हॅरिस या प्रसिद्ध लेखकाच्या आग्रहावरून अटलांटाच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या मोठ्या दैनिकात आला. तिथे त्याचं 'जस्ट फ्रॉम जॉर्जिया' हे सदर सुरू झालं, ते १९२७मध्ये तो जाईपर्यंत चाललं. चार ओळींची कविता, एखादा विनोद, गावाकडची गंमत. आपल्याकडच्या वात्रटिकेसारखंच, पण जरा हळवं. १९२५मध्ये तो जॉर्जियाचा पहिला राजकवी झाला.

रद्दीतून वाचलं ते काय? तर गाणी. त्याच्या 'मायटी लॅक अ रोज' या कवितेला एथेलबर्ट नेव्हिनने चाल लावली. १९०१मध्ये ते गाणं छापलं गेलं आणि घराघरांत पोचलं. तान्ह्या बाळाचं कौतुक करणारं गाणं आहे ते.

आता खरा मुद्दा. हे गाणं कृष्णवर्णीयांच्या बोलीत आहे आणि लिहिणारा गोरा आहे. त्याचे वडील गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यात होते. त्या काळी गोऱ्या कवींनी अशी बोली उसनी घेणं अगदी सर्रास चालायचं. पण ज्यांची ती बोली, त्यांचं काय चाललं होतं? १८९९मध्ये जॉर्जियातच सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने जिवंत जाळलं. त्याला पकडून देणाऱ्यासाठी ५०० डॉलरचं बक्षीस याच 'कॉन्स्टिट्यूशन'ने जाहीर केलं होतं. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस तेव्हा अटलांटात शिकवत होते. आपलं म्हणणं लिहून ते या पेपरच्या कचेरीकडे निघाले. वाटेत कळलं, की होजच्या बोटांची हाडं एका दुकानात मांडून ठेवलीत. ते तसेच मागे फिरले.

म्हणजे बघा, बोलीला पेपरात जागा होती. बोलणाऱ्याला नव्हती.

मग हे गाणं ऐकायचंच नाही का? मला तसं नाही वाटत. पॉल रॉब्सन या थोर कृष्णवर्णीय गायकाने ते गायलंय. त्याचे वडील गुलामीत जन्मलेले, पंधराव्या वर्षी पळून सुटलेले. तो खर्जातला आवाज ऐकला, की ते बाळ नेमकं कुणाचं, हा प्रश्न आपोआप पडतो. स्टँटनच्या छापील ओळी वाचताना तो मला पडला नव्हता.

सापडलं तर रॉब्सनचं रेकॉर्डिंग जरूर ऐका, आणि काय वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!