मांगलीची कवटी

आमच्या काटेवाडीच्या शिवारात विहीर खणायला घेतली की मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. सुरुंगाशिवाय तो हलत नाही. हा लाव्ह्याचा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या पोटात हाडे कुठून सापडणार? पण आपल्याच राज्यात, नागपूरच्या दक्षिणेला वर्धा खोऱ्यात, मांगली नावाचे गाव आहे. तिथला दगड गाळाचा आणि सुमारे २५ कोटी वर्षांचा.

त्या दगडातून एक कवटी निघाली. नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी ती लंडनला धाडली. १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन छापले. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारे ते हेच ओवेन. त्यांनी या प्राण्याला नाव दिले ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स, म्हणजे आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा.

कवटी चपटी आहे. डोळ्यांच्या खोबणी वरच्या अंगाला आणि तोंडाच्या टोकाकडे सरकलेल्या. म्हणजे हा जीव पाण्याच्या तळाशी पसरून वर बघत असणार. भक्ष्य डोक्यावरून जाऊ लागले की जबडा झटक्यात उघडायचा आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर तेही आत ओढले जायचे, असा अभ्यासकांचा कयास आहे. या कुळातल्या कवट्यांवर पन्हळीसारख्या खाचा असतात. बाजारातून आणलेला राहू मासा निरखून बघा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत त्याच्या कुशीवर एक बारीक रेघ दिसेल. पाण्याची हालचाल ओळखण्याचे ते इंद्रिय. या प्राण्यांना ते डोक्यावरही होते, गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा जास्त उपयोगाचे.

टाळूला दोन मोठी भोके असतात. बेडकालाही ती असतात. म्हणून तर घास गिळताना बेडूक डोळे आत ओढून घेतो आणि त्यांच्या दाबाने घास पुढे सरकतो. बेडकांचे मूळ याच गोत्रात असावे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

मला सर्वांत जास्त भुलवले ते यांच्या दातांनी. दात आडवा कापून भिंगाखाली धरला, तर बाहेरचा थर आत दुमडत, वळणे घेत गेलेला दिसतो. ओवेन यांना त्यात ग्रीक कथेतला भुलभुलैया दिसला आणि त्यावरून लॅबिरिंथोडॉन्ट हा शब्द आला. आता शास्त्रज्ञ या गोत्राला टेम्नोस्पॉन्डिल म्हणतात, म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या मणक्याचे. आमच्या घरात दखनीतला मेंडक आणि गावातला बेडूक शेजारी-शेजारी नांदले. या प्राण्याला मात्र मराठीत एकही नाव नाही, हे मला खटकते. अभिमन्यूची गोष्ट सांगणाऱ्या भाषेने त्याला 'चक्रव्यूहदंती' म्हणायला काय हरकत आहे?

हे गोत्र ऑस्ट्रेलियात सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत टिकले. आमचा काळा पाषाण वाहत आला तेव्हा ते कधीच संपले होते.

हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाहून घोड्यावरून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. कवटी लंडनच्या संग्रहालयात राहिली. ब्रॅकिऑप्स आपल्याला माहीत आहे तो त्या कवटीपुरताच. पाय केवढे, शेपूट केवढे, हे भाऊबंदांवरून ताडायचे. तेव्हा वर्धा खोऱ्यात विहिरीच्या किंवा खाणीच्या दगडात खाचा पडलेले चपटे हाड दिसले, तर घण बाजूला ठेवा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा.