पर्यावरण शिकून पोट भरेल का?

आमच्या धनजकडे, म्हणजे कारंजा तालुक्यात, बारावीचा निकाल लागला की एखादा बाप विचारतो, "चाचा, पोरगी पर्यावरण घेतो म्हन्ते. त्यात पोट भरन काय?" मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण त्याचा प्रश्न खरा आहे. फी कापूस-सोयाबीनच्या पैशातून जाणार असते.

आधी हे काम काय, ते पाहू. 'झाडे लावा' एवढ्यावर ते संपत नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तो आपल्या कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यालगत जातो. वाटेत जनावरांसाठी भुयारी आणि वरून जाणारे मार्ग ठेवले आहेत. त्यासाठी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा सल्ला घेतला गेला. जनावर रस्ता कुठून ओलांडतं, हे कुणीतरी रानात फिरून, खुणा मोजून सांगावं लागतं. ते शास्त्रज्ञाचं काम.

या नोकऱ्यांना कायद्याचा आधार आहे. १९७४ चा पाण्याचा, १९८१ चा हवेचा, १९८६ चा पर्यावरण संरक्षणाचा कायदा. शिवाय मोठ्या प्रकल्पांना परवानगीआधी परिणामांचा अहवाल लागतो. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखान्यांच्या आणि खासगी प्रयोगशाळा, अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपन्या यांना माणसं लागतात. संशोधनासाठी नागपूरची 'नीरी' १९५८ पासून आहे.

आता दुसरी बाजू. सरकारी जागा थोड्या, कंत्राटी कामं जास्त. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला, पण बऱ्याच ठिकाणी तो इतर विषयांचे प्राध्यापकच शिकवतात. म्हणून माझं म्हणणं असं : आधी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करा, पर्यावरण एम.एस्सी.ला घ्या. संगणकावर नकाशे करायला शिका. एक दार बंद झालं तर दुसरं उघडं राहतं.

आपल्या मुलांकडे एक भांडवल आहे. कोणती विहीर कधी आटते, हे त्यांना पुस्तकात शोधावं लागत नाही.

तेव्हा पोरीला एवढंच विचारा, "बाई, तुला नेमकं करायचं काय?" ती नुसतं "पर्यावरण वाचवायचं" म्हणाली, तर अजून थोडं बोला. "नाल्याच्या पाण्यात काय मिसळलंय ते तपासायचं" म्हणाली, तर बिनघोर पाठवा.