कुंभकोणमची मिशनशाळा

या मालिकेत मी लढाईचे किस्से सांगावेत अशी काहींची इच्छा होती. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज बोलणार आहे कुंभकोणमकडच्या, चर्चने चालवलेल्या मुलांच्या प्राथमिक शाळेबद्दल. पहिली ते पाचवी, तमिळ माध्यम, एवढाच तिचा पसारा.

हा विषय डोक्यात शिरला तो मद्रास रेजिमेंटमुळे. कावेरीच्या खोऱ्यातले जवान माझ्या हाताखाली होते. कपाळाला विभूती लावणाऱ्या एखाद्याला विचारावं, "कुठे शिकलास?" तर उत्तर यायचं, "चर्च स्कूल, सर." त्याला त्यात विसंगती वाटत नसे. मला मात्र कुतूहल वाटायचं. पुढे निवृत्तीनंतर त्या बाजूला जाणं-येणं वाढलं आणि थोडं खोलात गेलो.

आधी एक गफलत दूर करू. तंजावर म्हटलं की आपल्याला सरफोजी राजे आणि त्यांचे गुरुतुल्य श्वार्ट्झ आठवतात. सरफोजींनी छापखाना काढला, इसापनीतीचं मराठी रूप 'बालबोधमुक्तावली' 1806 मध्ये तिथे छापलं. मुंबई-पुण्यात मराठी छपाई रुजायच्या आधीची ही गोष्ट. पण श्वार्ट्झ प्रॉटेस्टंट होते. कॅथलिकांची परंपरा वेगळी, आणि त्या भागात जास्त जुनी. आपण सगळ्या पाद्र्यांना एकाच पोत्यात भरतो, ते बरोबर नाही.

कोल्लिडम नदीच्या पलीकडे एलाकुरिची नावाचं गाव आहे. आज ते कुंभकोणम धर्मप्रांतात येतं. अठराव्या शतकात तिथे बेस्की नावाचा इटालियन जेझुइट राहिला. तमिळ लोक त्याला वीरमामुनिवर म्हणतात. त्याने तमिळ शब्दकोश केला, ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ लिहिण्यातला घोळ मिटवला, आणि परमार्थ गुरूच्या विनोदी गोष्टी लिहिल्या. त्यातले शिष्य नदी ओलांडल्यावर माणसं मोजतात आणि प्रत्येक जण स्वतःला मोजायला विसरतो, मग एक बुडाला म्हणून रडत बसतात. गिनतीच्या वेळी ही गोष्ट आमच्या तंबींना सांगितली की हमखास हशा. आपल्याकडे फादर स्टीफन्सने 1616 मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, त्याच जातीचं हे काम. शिकवायला आलेला माणूस आधी तिथल्या भाषेचा विद्यार्थी झाला. त्या शाळांचं मूळ मला इथे दिसतं.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. जेझुइटांचा संघ 1773 मध्ये बरखास्त झाला, मग पाँडिचेरीच्या फ्रेंच मिशनऱ्यांकडे कारभार गेला. 1854 च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली केली. 1899 मध्ये पाँडिचेरीपासून वेगळा होऊन कुंभकोणम धर्मप्रांत झाला. चर्चशेजारी फादरांनी मुलांची शाळा चालवायची, सिस्टरांनी मुलींची, हा त्या काळचा रिवाज. म्हणून 'मुलांची' शाळा.

अशा अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, व्यवस्थापन चर्चचं. पण राज्यघटनेचं कलम 28 सांगतं की सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण कोणावर लादता येत नाही. त्यामुळे कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला बसतात, बाकीची नीतिपाठाला. पटावर हिंदू मुलं भरपूर असतात, मुसलमानही असतात. माझा विभूतीवाला जवान असाच घडला.

आता मूल्यांकडे येतो. भिंतीवर रंगवलेली मूल्यं मला फारशी पटत नाहीत. मी हजेरीपट बघतो. तमिळ मुलाच्या नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, आडनाव नसतं. जातवाचक उपनावं टाकून द्यायची ही चळवळ पेरियारांनी 1929 च्या चेंगलपट्टू परिषदेपासून नेटाने चालवली. फौजेच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना भरताना आमच्या कारकुनाची तारांबळ उडायची. पण वर्गात गुरुजींनी नाव पुकारलं की शेजारच्या मुलाला जात कळत नाही. आपल्याकडे पहिलीच्या पोराचं आडनाव ऐकून मोठी माणसं हिशेब लावतात!

म्हणून चर्च जातीच्या पलीकडे गेलं असं समजू नका. तिरुनेलवेलीकडच्या वडक्कनकुलमच्या चर्चमध्ये दोन जातगटांसाठी दोन स्वतंत्र दालनं बांधली होती. आणि 1950 च्या आदेशामुळे दलित ख्रिश्चनाला अनुसूचित जातीचा दाखला आजही मिळत नाही. बौद्धांना 1990 मध्ये मिळाला, हे महाराष्ट्रात आपल्याला ठाऊक आहे. तमिळनाडूत तो मागासवर्गीयांत धरला जातो. म्हणजे एकाच बाकावरच्या दोन मुलांची वाट पाचवीनंतर कागदावर वेगळी होते. शाळा समता शिकवते, दाखला वेगळंच शिकवतो.

दुपारच्या जेवणाचंही सांगायला हवं. एम. जी. रामचंद्रन लहानपणी कुंभकोणमच्याच शाळेत जात. घरच्या भुकेपायी शाळा सुटली आणि पोर नाटक कंपनीत गेलं. कामराजांनी 1956 मध्ये शाळेत जेवण सुरू केलंच होतं, मुख्यमंत्री झाल्यावर एमजीआरनी 1982 मध्ये ते फार मोठं केलं. मी पाहिलेल्या मिशनशाळेत मुलं ताटं घेऊन ओळीत बसलेली होती आणि मुख्याध्यापक शेवटचं मूल वाढून होईपर्यंत उभे होते. आमच्याकडे अधिकाऱ्याने जवानांनंतर जेवायचं असतं. मला ती जागा परकी वाटली नाही.

त्याच कुंभकोणममध्ये 16 जुलै 2004 रोजी एका खाजगी शाळेत आग लागली आणि 94 लेकरं गेली. ती मिशनची शाळा नव्हती. जेवण शिजवण्याच्या जागेतून आग उठली, वर झावळ्यांचं छप्पर, उतरायला अरुंद जिना. ज्या जेवणासाठी मुलं शाळेत येत होती, त्याचीच चूल! पुढे 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हापासून मी कुठल्याही शाळेत गेलो, मिशनची असो की झेडपीची, की आधी तीन गोष्टी बघतो: स्वयंपाकघर कुठे, जिना किती रुंद, दार कुठल्या बाजूला उघडतं. प्रार्थना नंतर ऐकतो. पाहुणा म्हणून हे वागणं उद्धट दिसतं, दिसू दे.

या शाळांपुढचा आजचा पेच वेगळा आहे. पालकांना इंग्रजी माध्यम हवंय. चर्चच्याच फी घेणाऱ्या इंग्रजी शाळा भरलेल्या, आणि आवारातली जुनी तमिळ शाळा ओस पडत चाललेली. पट घसरला की शिक्षकाची जागा जाते, जागा गेली की पट आणखी घसरतो. काही ठिकाणी मुलांच्या शाळेत मुलींनाही घेऊ लागलेत, तो मला शहाणपणा वाटतो. पण बेस्की ज्या भाषेपायी आयुष्यभर झिजला, तीच भाषा त्याच्या वारसांनी गरिबांच्या खात्यावर टाकावी, हे मला खटकतं. फी परवडणाऱ्याला इंग्रजी, न परवडणाऱ्याला तमिळ, अशी वाटणी झाली तर हजेरीपटातून काढलेली जात फीच्या पावतीतून परत आत येईल.

वसईकर मंडळी हे ऐकत असतील. तुमच्या चर्चच्या मराठी शाळांचा पट आज किती आहे, आणि तो टिकवायला कोणी काय केलं, ते मला कळवा. कुंभकोणमला पुढच्या फेरीत तिथल्या मुख्याध्यापकांना मी तेच विचारणार आहे.