असंगती म्हणजे काय?

श्रोतेहो, नगर-पुणे रस्त्यावरचे सुपा गाव तुमच्यापैकी पुष्कळांच्या पाहण्यातले असेल. पारनेर तालुक्याचा हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. मृगात ढग येतात, बाजरी पेरली जाते, कोंब वर येतात, आणि पाऊस दडी मारतो. मग दुबार पेरणी. बांधावर उभा राहून शेतकरी आभाळाला विचारतो, "माझं काय चुकलं?" आभाळ बोलत नाही.

आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाने १९४२ साली सिसिफसवरील ग्रंथात हाच विषय घेतला. 'जगाला काही अर्थच नाही' असा असंगतीचा अर्थ सांगतात, तो अपुरा आहे. ढगाला बाजरीची ओळख नसते, यात नवल काय? आणि माणसाने कारण विचारणे हेही साहजिकच. पण विचारणारा माणूस आणि मुके जग यांची गाठ पडते, तेथे असंगती उभी राहते. दोहोंतले एक काढा, ती उरत नाही. शिक्षकबंधूंनी एवढा भेद वर्गात जरूर समजावून द्यावा.

म्हणूनच काम्यूने पहिला प्रश्न आत्महत्येचा घेतला. आपल्या महाराष्ट्रात तो नुसता पुस्तकातला नाही, बरं का. काम्यूचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. जीव दिल्याने कोडे सुटत नाही, विचारणाराच तेवढा नाहीसा होतो. (कर्जाचा बोजा मात्र तत्त्वज्ञानाने हलका होत नाही; तेथे माणसेच धावून यावी लागतात.)

देवावर हवाला टाकणे हीही त्याला पळवाट वाटे. हे मला पटत नाही. तुकोबांची बायको आणि मुलगा दुष्काळात गेली. त्यांनी विठ्ठलाशीच भांडण मांडले. त्याला पळवाट कशी म्हणावी?

सिसिफस हा ग्रीक कथेतला राजा. धोंडा डोंगरावर लोटीत न्यायचा, माथ्यावरून तो गडगडत खाली यायचा, ही त्याची कायमची शिक्षा. काम्यूची नजर त्याच्या उतरण्यावर आहे. हात रिकामे, पुढचे सारे ठाऊक. तरी तो धोंड्याकडे परत जातो. काम्यू त्याला सुखी मानतो.

पण सिसिफस एकटा होता. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातली माणसे खडी फोडीत होती, तेव्हा शेजारी दुसराही हातोडा वाजत होता आणि सुकडी पोरांना वाटून दिली जात होती. काम्यूलाही पुढे हे दिसले असावे. १९४७ सालच्या त्याच्या 'प्लेग' कादंबरीत डोंगरावरचा एकटा माणूस नाही. साथीने वेढलेले सबंध शहर आहे, आणि रोग्यांसाठी पथके करून राबणारी साधी माणसे आहेत.